डागवाल्या साड्यांचं दुकान

४ ऑगस्ट, सोमवार

विषय मला मिळाला! मोठ्या सरांनी आज स्टाफरूममध्ये विचारलं, आठवीला 'समाजमाध्यमं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता' कोण शिकवणार, आणि सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मी हात वर केला. आमच्या वर्गातल्या पोरी करतात तसा, सरळ कानाला चिकटवून. सर म्हणाले, "मृणालबेन, तुम्ही तर मराठीच्या." मी म्हटलं, "मग काय झालं? फोन काय मराठीच्या बाई वापरत नाहीत?" (इथे गुजरातेत शिक्षिकेला बाई म्हणत नाहीत, बेन म्हणतात. इतक्या वर्षांनी मीही स्वतःला बेनच म्हणते.)

तेवीस तारखेच्या वाली मीटिंगला, म्हणजे आपल्या पालकसभेला, मुलांनी काय शिकलं ते आईबापांसमोर करून दाखवायचं आहे. सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या मराठी शाळेला कुणी तसं बघायला येत नाही. येऊ दे एकदा, दाखवतेच!

घरी सांगितलं. वसंत बँकेतून आले होते, बूट काढता काढता म्हणाले, "म्हणजे आता मशीनचंही व्याकरण काढणार तू." सायलीने मात्र मिठी मारली. मिठी सुटायच्या आत तिचा विषय निघालाच. कोइम्बतूरच्या कापड कंपनीने तिला डिझाइन खात्यात निवडलंय. पंचवीसपर्यंत हो की नाही कळवायचं आहे. "आई, तुझ्या मनाविरुद्ध मी जाणार नाही," ती म्हणाली, "पण तुझ्या मनात काय आहे ते तरी सांग."

मी नाही म्हटलेलंच नाही. विचार करू, एवढंच म्हटलं. आजकाल काय काय ऐकायला येतं! कालच एक व्हिडिओ आला, एका मुलीच्या खोलीची दुसरी किल्ली घरमालकाकडे होती. नीट कळलं नाही म्हणून पुन्हा बघितला.

७ ऑगस्ट, गुरुवार

पहिला तास पार झोपला. प्रशिक्षणात मिळालेल्या स्लाइड्स पडद्यावर लावल्या आणि मोठ्याने वाचल्या. चौथ्या स्लाइडला मागचा बाक जांभया देत होता आणि सहाव्या स्लाइडला मलाही जांभई आली. शेवटी तुषार उठला. हा मुलगा वर्गात कधी स्वतःहून उभा राहिला तर फक्त पाणी प्यायला जायचं म्हणून. त्याने विचारलं, "बेन, मला कबड्डी आवडते हे मी फोनला कधी सांगितलंच नाही. मग त्याला कळलं कसं?"

मी म्हटलं, "माहिती गोळा करून." तो म्हणाला, "पण कशी?" मी म्हटलं, "ते पुढच्या तासाला." घंटा वाजली म्हणून अब्रू वाचली.

९ ऑगस्ट, शनिवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

शेजारच्या सुषमाबरोबर दुपारी रिंगरोडच्या मार्केटात गेले होते. गणपतीसाठी एक साधी साडी हवी होती. पांढऱ्या गादीवर बसले, म्हटलं, "रोजची दाखवा, हलकी, फिक्या रंगाची." त्याने तीन फिक्या उलगडल्या. चौथीला जांभळा काठ होता. मी काही बोलले नाही. हातसुद्धा लावला नाही. नुसती बघितली असेन. पाचवीला जांभळा काठ. सहावीला जांभळा काठ. सातवी तर अख्खी जांभळी! मी म्हटलं, "भाई, मी फिकी मागितली होती ना?" तो हसून म्हणाला, "बेन, तुम्ही फिकी मागितली, पण तुमची नजर जांभळीवर थांबली. आम्ही तोंडाचं ऐकत नाही, डोळ्याचं ऐकतो. अने जोवाना क्यां पैसा छे!"

बघायचे कुठे पैसे पडतात! मी गादीवरच टाळी वाजवली. सुषमाला वाटलं भाव उतरला. अगं, हाच तर धडा आहे! फोनमध्ये बसलेलं ते मशीन म्हणजे हाच सेल्समन. तो विचारत नाही, बघतो. आपला अंगठा कुठे थांबला, किती वेळ थांबला, मागे फिरला का. आणि बघायचे पैसे पडत नाहीत कसे? त्याचा सगळा धंदाच आपल्या बघण्यावर चालतो.

जांभळी साडी घेऊन आले, अर्थातच.

११ ऑगस्ट, सोमवार

आज वर्गात बाक बाजूला सारले, सतरंजी टाकली आणि साडीचं दुकान मांडलं. मुलांनी घरून आयांच्या साड्या आणल्या होत्या. नियम असा: गिऱ्हाइकाने एक अक्षर बोलायचं नाही. दुकानदाराने विचारायचं नाही. नुसतं बघायचं, आणि नजर जिथे थांबेल तसलाच माल काढत राहायचं. गिऱ्हाइकाने साडी उचलून मैत्रिणीला दाखवली, तर ती विकत घेतल्यातच जमा, मग तसल्या आणखी दहा.

तुषार दुकानदार. काय सांगू, पोरगा जन्मलाच गादीवर! "आवो बेन, बेसो बेन, चा पीशो के ठंडू? जोवाना क्यां पैसा छे!" मागच्या बाकाच्या पोरांनीही हात वर केले, आम्हाला गिऱ्हाईक करा म्हणून. एका मुलाला त्याने पाच साड्यांत ओळखलं. त्याला चमकणारं काहीही चालतं. मुलगा लाजून लाल. मग मी फळ्यावर लिहिलं: साडीच्या जागी व्हिडिओ, गादीच्या जागी फोन, तुषारच्या जागी मशीन. पूर्ण वर्ग एका आवाजात "ओऽऽ" म्हणाला. इतकी वर्षं संधी शिकवले, समास शिकवले, असा "ओऽऽ" कधी ऐकला नव्हता.

मोठे सर दारातून बघत होते. मीटिंगमध्ये हेच करा, म्हणाले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज तर त्याच्याही पुढचं झालं, आणि ते मी शिकवलं नाही, आपोआप झालं.

आज गिऱ्हाईक मी. तुषारने साड्या उलगडायला सुरुवात केली. दोन-तीन चांगल्या होत्या, मी मान डोलावली. मग पल्लवीने आणलेली तिच्या आईची साडी आली. पल्लवी शांत पोरगी. तिची आई शांताबाई घरी बसून साड्यांना चमकीचे खडे चिकटवते. त्या साडीच्या पदराजवळ भला मोठा डाग होता. झालं, मी पुढे वाकले. तेलाचा की चहाचा? नखाने खरवडून बघितला. उजेडात धरला. शेजारच्या मुलीला दाखवला, "हा निघेल का गं?" तेवढ्यात तुषार ओरडला, "बेनला आवडली! सगळ्यात जास्त वेळ हीच बघितली, मैत्रिणीला पण दाखवली!" आणि पोरं गठ्ठे धुंडाळून एकेक डागवाली साडी माझ्यासमोर टाकायला लागली. हळदीचे डाग, शाईचे डाग, इस्त्रीने जळलेली एक. चांगल्या साड्या सगळ्या खाली दबल्या.

वर्ग हसून हसून आडवा. मी म्हटलं, "अरे, मला आवडली नव्हती! मला काळजी वाटली म्हणून बघत होते!"

पल्लवी म्हणाली, "पण बेन, दुकानदाराला तर फक्त वेळ कळला."

मी साडी खाली ठेवली. एवढं साधं वाक्य! अख्ख्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आवडून बघा, रागाने बघा, भीतीने बघा, मशीनला ते सगळं सारखंच. मग एक दिवस माणूस चहूकडे डागच बघतो आणि म्हणतो, जगात चांगला कपडा उरलाच नाही. घरी येईपर्यंत मी रिक्षात स्वतःशीच बोलत होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सायलीला सकाळी दोन व्हिडिओ पाठवले. एक मेसच्या जेवणातून विषबाधा झाल्याचा, दुसरा मुलींच्या वसतिगृहातला छुपा कॅमेरा कसा ओळखायचा त्याचा. दुसरा तर उपयोगाचाच आहे. ती आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, हे तुला कोण पाठवतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं, "आपोआप येतात."

ती वळली आणि चहा टाकायला गेली. हल्ली ती असंच करते. मी कोइम्बतूरबद्दल काही विचारायला गेले की तोंड मिटून घेते. मी काय वाईट विचारते? दाराला आतून कडी आहे का, पाणी कुठून येतं, रात्री गेट किती वाजता बंद होतं. आई विचारणारच.

उद्या झेंडावंदन. जांभळी साडी नेसणार आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

मुलांना सुट्टीत गृहपाठ दिला होता: घरच्या एका मोठ्या माणसाजवळ बसा, त्यांचा फोन त्यांच्यासोबत बघा, आणि दुकानदार त्यांना काय समजतो ते येऊन सांगा. आज सगळ्यांनी सांगितलं. असा तास मला आयुष्यात मिळाला नव्हता! तुषारच्या आजोबांना दुकानदार पैलवान समजतो. अर्ध्या कुस्त्या, अर्धी गुडघ्याची तेलं. एकीच्या मामाला तो कोट्यधीश समजतो, रोज बंगले दाखवतो. मामा उधन्याला दहा बाय दहाच्या खोलीत राहतो आणि रात्री झोपताना बंगले बघतो. मुलं हसली, पण जरा बेतानेच हसली.

पल्लवी शेवटी उठली. म्हणाली, "आईच्या फोनवर नुसत्या पळवलेल्या पोरी. एक संपली की दुसरी. म्हणून ती काम सोडून मला शाळेत सोडायला येते. शिवणक्लासला नाही म्हणते. मी विचारलं, तू असले का बघते? तर म्हणे, मी कुठे बघते, तेच येतात."

एवढी हुशार पोर, आणि तिचा क्लास बंद कशामुळे, तर एका मशीनमुळे! मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून समजावलं. "आईवर रागावू नकोस. तिला सांग, जग एवढं वाईट नाही, तुझ्यासमोर एकाच गठ्ठ्यातला माल टाकलाय. आधी भीती होती म्हणून ते आलं, की ते आलं म्हणून भीती वाढली, हे तिलाही आता कळणार नाही. तिला हळूच दाखवून दे." पल्लवीने मान डोलावली. मीटिंगला आईला घेऊन येते म्हणाली. हे एक काम जरी झालं तरी माझ्या महिन्याचं सार्थक झालं.

घरी आले तर सायलीने पुन्हा पंचवीस तारखेची आठवण केली. मी म्हटलं, "अगं, एकाच कंपनीच्या मागे काय लागलीस? इथे सुरतेत काय कापडाला तोटा आहे?" वसंत पेपरमागून म्हणाले, "मृणाल, तिला निवडलंय त्यांनी. आपल्याला नाही." मी म्हटलं, तुम्हाला बाहेरचं जग माहीत नाही. हे दिवसभर बँकेत, फोन उघडतात तो फक्त वेळ बघायला. मला रोज दिसतं काय चाललंय ते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रंगीत तालीम झाली. तुषारने दुकानासाठी काकाकडून खरी टोपी आणली आहे. पल्लवी शेवटचं वाक्य बोलणार. आणि माझ्या डोक्यात आणखी एक झकास कल्पना आली आहे: नाटक झालं की मी माझा स्वतःचा फोन मोठ्या पडद्यावर लावणार! चांगल्या सवयी ठेवल्या तर दुकानदारही कसा शहाणा होतो ते आईबापांना दिसलं पाहिजे. माझं काय, रांगोळी, पाककृती, एखादा अभंग. सर म्हणाले, "आधी एकदा बघून घ्या." मी म्हटलं, "सर, आधी बघून दाखवलं तर ते खोटं झालं."

सायली आज ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायला बसली. मीटिंग झाली की निवांत बसून तिच्याशी बोलेन.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज लिहीत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

लिहिते. न लिहून जाते कुठे.

दुकान अप्रतिम झालं. हे आधी लिहून ठेवते. वर्ग भरून व्हरांड्यात माणसं उभी होती. कारखान्यातून पाळी संपवून आलेले बाप, कडेवर पोरं घेतलेल्या आया. तुषारने "जोवाना क्यां पैसा छे" म्हटलं की सगळे हसायचे. डागवाल्या साड्या आल्या तेव्हा तर एक आजी म्हणाल्या, "अरे, त्या पोरीला एखादी चांगली दाखवा रे!" टाळ्या, शिट्ट्या. मी अगदी हवेत होते.

त्याच हवेत फोन पडद्याला जोडला. म्हटलं, "आता बघा तुमच्या बेनचं दुकान!"

पहिली आली रांगोळी. मी ऐटीत सगळ्यांकडे बघितलं आणि अंगठा फिरवला. 'एकट्या राहणाऱ्या मुलींनो, हे बघाच.' चुकून आलं असेल म्हणून पुढे सरकवलं. 'घरमालकाचा खरा चेहरा.' पुढे. 'आईचं ऐकलं नाही आणि...' पुढे. रडणारी आई. पुढे. बंद खोली, लाल बाण. पुढे, पुढे, पुढे. एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढ्या मुली. आणि माझा अंगठा, सगळ्यांसमोर, एकावर थांबला. तो व्हिडिओ मी पाहिला नव्हता. नवा होता. मला खरंच बघायचं होतं पुढे काय झालं.

कुणी हसलं नाही. तुषारने टोपी काढून हातात घेतली. पल्लवीला शेवटचं वाक्य बोलायचं होतं, ती उभीच होती. ती हळू म्हणाली, "बेन, तुमच्या दुकानात तर सगळ्या डागवाल्याच साड्या."

मी म्हटलं, "नेट बरोबर नाहीये." खरंच असं म्हटलं मी! कोणी पहिलीतलं पोरही असलं कारण देणार नाही.

मग शांताबाई पुढे आली. मी तिला समजावणार होते ना, ती शांताबाई. माझ्या दंडाला हात लावून अहिराणीत म्हणाली, "बेन, तुमनी पोर बाहेरगाव जाई ऱ्हायनी का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मना फोनमा बी हाईच येस. माले वाटे, मना एकलीनाच जीव घाबरस." तिच्याही फोनवर हेच येतं, आणि तिला वाटायचं, आपला एकटीचाच जीव घाबरतो. आम्ही दोघी त्या पडद्याखाली उभ्या राहिलो आणि मला सगळ्यांसमोर रडू आलं. सरांनी पडदा बंद केला. टाळ्या पुन्हा वाजल्या, पण त्या कशासाठी ते मला कळलं नाही.

जाताना पल्लवी आईला म्हणत होती, "मग क्लासला जाऊ ना?" आणि शांताबाई म्हणाली, "पहिला दिवस मी येसू सोबत." पहिला दिवस मी येईन. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून पोर एकटी जाणार. तिने घेतला निर्णय, उभ्या उभ्या.

काल घरी कुणाला काही सांगितलं नाही. आज सकाळी सायली खिडकीशी बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसले. मला तिला सगळं सांगायचं होतं, माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी विचारलं, "सायली, तुला तिथे काम काय करायचं आहे गं?"

तिने मान वर करून बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कडी विचारली, किल्ली विचारली, पाणी, गेट, घरमालक, मेस, सगळं विचारलं. हे एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या हातात नोकरी आल्यापासून एकदाही नाही!

ती उठली, कपाटातून गुंडाळी आणली आणि जमिनीवर पसरली. तिने काढलेले नमुने. केळीच्या धाग्यापासून विणलेलं कापड, त्यावर तापीच्या पाण्यातल्या रेषांसारखे काठ. याच कागदांवर तिला निवडलं होतं. म्हणाली, "तुला दाखवायला पहिल्याच दिवशी काढून ठेवले होते, आई." तासभर ती बोलत होती. मी तिला इतकं बोलताना कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मी त्या काठांवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, हे माझ्याच घरात होतं. मी डाग खरवडत बसले आणि साडी उलगडलीच नाही.

वसंत दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

२५ ऑगस्ट, सोमवार

सायलीने 'हो' कळवलं. बटण दाबताना तिने माझा हात तिच्या हातावर ठेवून घेतला. मला भीती वाटली, ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही वाटते." मग आम्ही दोघी मोठमोठ्याने हसलो. आता गणपतीची आणि जाण्याची तयारी एकदमच! किती कामं आहेत!

वर्गात पोरांनी माझं दुकान सुधारायचं काम अंगावर घेतलं आहे. नको ते आलं की लगेच पुढे सरकवायचं, 'हे नको' वर दाबायचं, आणि कुणाला पाठवायचं तर नाहीच. तुषार म्हणतो, "बेन, वेळ लागेल. तुम्ही फार जुनं गिऱ्हाईक आहात."

३० ऑगस्ट, शनिवार

सायली गेली. स्टेशनवर मी रडणार नाही म्हटलं होतं, त्याप्रमाणे वसंत रडले. मी तिला जांभळी साडी दिली. म्हणाली, "मी कुठे नेसते साडी?" म्हटलं, "तू नेसू नकोस, तिथे भिंतीवर लाव, पण ने." गाडी हलली. खिडकीतून ती हलवत असलेला पिवळा रुमाल दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत राहिले, आणि खरं सांगू? काळजीच्या बरोबरीने अभिमान असा उसळत होता की फलाटावरच्या अनोळखी बाईला मी सांगितलं, "माझी मुलगी. डिझाइनर आहे."

रिक्षात बसून फोन उघडला. 'रात्रीच्या गाडीत एकट्या मुलीबरोबर काय घडलं.' अंगठा थांबला. खोटं कशाला लिहू, थांबलाच. मग ते तसंच बंद केलं आणि जिची काळजी होती तिलाच फोन लावला. म्हटलं, "सायली, बरी आहेस ना? जेवलीस का? शेजारी कोण बसलंय?"

ती म्हणाली, "आई, अजून पुढचं नवसारीसुद्धा आलं नाही."